अण्णांनी घातलेलं गाऱ्हाणं

रत्नागिरीला माणूस आंब्यासाठी जातो, माशांसाठी जातो, नाहीतर निदान मांडवीच्या किनाऱ्यावर पाय ओले करायला तरी जातो. मी गेले ती वडिलांना एका पायरीवरून उठवायला. शेजारच्या काकूंचा फोन आला, "मंजू, कॉलेजची जुनी इमारत पाडायला काढलीय, आणि अण्णा सकाळपासून तिच्या पायरीवर जाऊन बसलेत. छपराला हात लावाल तर आधी मला उचला, म्हणतात." अण्णांची पंच्याहत्तरी झालेली, छातीची शस्त्रक्रिया झालेली, आणि वर कोकणातलं एप्रिलचं ऊन. मी बँकेत रजा टाकली आणि कोल्हापूर स्टँडवर जी पहिली एसटी मिळाली ती धरली.

हा रस्ता करणार असाल तर एक ऐका, आंबा घाटाआधी पोटभर जेवू नका. वळणं पोटातलं सगळं वर आणतात. साखरप्याला चहा बरा मिळतो. पालीला गाडी थांबली तेव्हा बाजारात हापूसच्या पेट्या लागल्या होत्या, वास थेट गाडीत येत होता, आणि मी मात्र बूथवरून काकूंना फोन लावत होते. "कंत्राटदार पोलिसांना बोलावतो म्हणतोय गो," त्या म्हणाल्या. नंतर हातखंब्यापर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

इमारत जांभ्या दगडाची, मंगलोरी कौलांची. अण्णा इथं आयुष्यभर गणित शिकवत होते. मला विचाराल तर इमारतीचं मला काही पडलं नव्हतं. भिंतींना मोठमोठे तडे गेले होते, गेल्या पावसात व्हरांड्याचा कोपरा खाली आला होता. पडायला आलेल्या छपराखाली म्हातारा हट्ट धरून बसतो याचा मला संताप आला होता.

"आलीस? ऊन लागलं नाही ना?" अण्णांनी विचारलं. म्हणजे मला!

संध्याकाळी कामकरी निघाले तेव्हा कुठे अण्णा घरी आले. सुरमईचं तिखलं, भात, सोलकढी असं ताट समोर होतं, पण त्यांनी चार घास खाल्ले आणि बोलत राहिले. पूर्वी पदवी घ्यायची तर पोरांना बोटीनं मुंबई गाठावी लागायची. मग गावानं मनावर घेतलं. बागायतदारांनी आंब्याच्या हंगामातून वाटा दिला, कुणी सागाची तुळई दिली, मुंबईच्या चाकरमान्यांनी पगारातून कौलांचे पैसे पाठवले. विद्यापीठाच्या परीक्षेला मंडणगडापासूनची पोरं इथल्या सभागृहात येऊन बसायची आणि आदल्या रात्री व्हरांड्यातच झोपायची. "तुझी आई त्याच सभागृहात बीएला बसली," अण्णा म्हणाले. "आता म्हणे पार्किंग."

सकाळी ते पुन्हा पायरीवर. मी पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन शेजारी. फाटकाशी पोलिसांची गाडी उभी राहिली. कंत्राटदार आमच्या कोल्हापूरकडचा. त्यानं भटजी आणला होता. पूजा झाली, नारळ फुटला. पण कामकरी जागचे हलेनात. सगळे मंडणगडचे, त्यांचा मुकादम तुकादादा पुढे आला.

"सायबानं नारळ फोडलान, बरा झाला. पन गाऱ्हाणं जागेच्या मानसानं घालायचं. जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला सांगितल्याबिगार आमी हात नाय लावायचं."

"मग घाल की तूच!" कंत्राटदार खेकसला.

"मी कुठला इथला? सर हायत ना बसलेले. जल्म गेला त्यांचा हितं."

सगळे अण्णांकडे बघायला लागले. गाऱ्हाण्यांची, म्हणजे देवापुढे मोठ्यानं मांडलेल्या मागण्यांची, आयुष्यभर टिंगल केलेला हा माणूस. देवाला अर्ज करायचा तर पोचपावती मागा, असं म्हणणारा. मला वाटलं, सुटलो. अण्णा नाही म्हणतील, माणसं गावी जातील, काम थांबेल. पण कंत्राटदार जवळ आला.

"सर, ही माणसं गेली तर दुपारी जेसीबी आणतोय बघा. हातानं उतरवलं तर चिरा न् चिरा शाबूत निघतोय. मशीननं सगळ्याचा भुगा. ठरवा तुम्ही."

अण्णांचा श्वास जोरात चालला होता. मी गोळी पुढे केली, त्यांनी माझा हात बाजूला सारला. मला भीती वाटली, आता इथंच काहीतरी होणार. त्यांनी व्हरांड्याच्या खांबांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला काढल्या, नारळ हातात घेतला.

"बा राखणदारा," आवाज वर्गातला होता. "गावानं पोटाला चिमटा काढून तुझ्या जागेवर ही वास्तू उभी केली."

"व्हय म्हाराजा!" कामकरी एका सुरात म्हणाले.

"गरिबाची पोरं इथं शिकली. कोण नापास झाला, कोण साहेब झाला. तू सगळ्यांना सांभाळलंस."

"व्हय म्हाराजा!"

"आता भिंती थकल्या. ही माणसं पोटासाठी आली आहेत. यांच्या हातापायाला इजा होऊ देऊ नको. कोपायचंच असेल तर माझ्यावर कोप. हात लावा असं मी सांगतो आहे."

या वेळी "व्हय म्हाराजा" जरा उशिरा आलं. तुकादादानं डोळे पुसले आणि शिडी लावली. पहिलं कौल खाली आलं ते हातोहात, एकही टवका न उडता. पोलिसांची गाडी निघून गेली.

मी अण्णांना कोल्हापूरला चला म्हणून खूप विनवलं. ते आले नाहीत. परतीच्या गाडीत पाच डझन आंबे मांडीवर घेऊन मी समाधानानं घाट चढले. घरी सगळे म्हणाले, छान सोडवलंस हो प्रकरण. मलाही तसंच वाटत होतं.

रविवारी फोन केला तर काकू म्हणाल्या, अण्णा कॉलेजात गेलेत. पुढच्या रविवारीही तेच. शेवटी एका रात्री ते घरी सापडले.

"सभागृह उतरलं आज," अण्णा म्हणाले. "मागची भिंत तेवढी राहिली."

"अण्णा, त्रास होतो तर कशाला जाता बघायला?"

"पाडा असं मी सांगितलं ना गो. मग आता पाठ फिरवून कसं चालेल?"

मी बरं म्हटलं, गोळ्या वेळेवर घ्या म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या इमारतीसाठी पहिल्यांदाच रडले.