बाबांच्या चष्म्याची काच

बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलला, एका शाळेत भरलेल्या शिबिरात झालं. मी तेव्हा मुंबईला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, असे ते आठ दिवस उताणे पडून होते. मी त्यांना पेज भरवायचो. पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडेच पाहिलं. "सुकलास रं," म्हणाले.

विधवा आत्या आमच्याच घरी राहायची. तिच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. बाबांचं नीट झालं तर पुढच्या शिबिराला येईन, असं तिने कबूल केलं होतं.

मी मुंबईला परतलो, तो शिमग्यालाच घरी आलो. बाबा पुन्हा चाचपडत चालत होते. मोतीबिंदू परत आला, ऑपरेशन टिकत नाही, असं त्यांनी ते कामाला जात त्या मिठागरावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दरम्यान नवं शिबिर होऊन गेलं होतं. आत्या गेली नव्हती. गावातलं कुणीच गेलं नव्हतं.

मी चष्मा हातात घेतला. काच ओरखड्यांनी पांढुरकी झाली होती. मीठ ओढताना बाबा ज्या फडक्याने घाम पुसत, त्यानेच चष्मा पुसत. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेलं ते फडकं मिठाच्या आणि रेतीच्या कणांनी खरखरीत झालेलं असे. आमच्याकडे सगळं त्यानेच पुसतात. निदान मला तरी हे आधी सुचायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.

पनवेलला जाऊन काच बदलून आणली. बाबा चष्मा लावून अंगणात चाचपडणाऱ्या आत्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "माज्या तोंडानं तिला अडवली."

दुसऱ्याच दिवशी आम्ही आत्याला डॉक्टरांकडे नेलं. तिचा उजवा डोळा महिनाभर ठणकत होता, हे तिने तिथेच सांगितलं. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड इकडून तिकडून टाकला. उजेड कुठून येतो ते तिला सांगता येईना. मोतीबिंदू फार पिकून डोळ्यात दाब वाढला, हा गेला, म्हणाले. डावा करता येईल, पण पुढच्या शिबिरात.

परतताना एस.टी.त बाबा चष्मा काढून धोतराने पुसू लागले. आत्याने तो चाचपून त्यांच्या हातातून काढून घेतला.

"दादा, तू नको पुसू. तसाच राऊ दे."

मग तिने मला विचारलं, पुढचं शिबिर कधी आहे. मला माहीत नव्हतं.