साडूभाऊंची सिस्टीम

आमच्या साडूभाऊंना ब्रह्मदेवाच्या जागी नेमलं असतं, तर सृष्टी निर्माण करण्यापूर्वी त्यांनी ती वापरणाऱ्यांची एक बैठक बोलावली असती. मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांना चहा पाजून विचारलं असतं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" सृष्टीला थोडा उशीर झाला असता, पण डास नक्की वगळले गेले असते. साडूभाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात संगणक विभागात होते. निवृत्त झाले, नाशिकरोडला फ्लॅट घेतला, आणि तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत साधी गोष्ट म्हणून उरली नाही. फ्रिज ही सिस्टीम, देवघर ही सिस्टीम, आणि माझ्या बायकोचा, म्हणजे त्यांच्या मेहुणीचा स्वभाव ही 'जुनी पण भरवशाची सिस्टीम'. "चहा घेणार का?" असं विचारलं की म्हणतात, "आधी हेतू सांगा. माझी झोप घालवायची असेल तर कडक करा, मलाच घालवायचं असेल तर अर्धा कप."

कुठलंही यंत्र दिसलं की ते यंत्राकडं बघत नाहीत, वापरणाऱ्याकडं बघतात. एकदा स्टेशनवर तिकिटाच्या मशीनजवळ ते इतका वेळ लोकांची बोटं न्याहाळत उभे राहिले, की पोलिसानं हटकलं. "काय बघताय काका?"

"माणूस कुठं अडतो ते बघतोय."

"मग ठीक हे," पोलीस म्हणाला. "आमचं पन तेच काम हे." नंतर दोघांनी मिळून चहा घेतला.

अशा माणसाला, सासूबाई नामपूरला एकट्या राहतात ही गोष्ट स्वस्थ कशी बसू देणार? मागच्या हिवाळ्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण शेजारीण येईपर्यंत तशाच बसून होत्या. दोघी बहिणी हादरल्या. नाशकात चला म्हटलं की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "तठे माले कोन वळखस?" शेवटी साडूभाऊंनी बाह्या सरसावल्या आणि सासूबाईंच्या फोनसाठी स्वतः एक ॲप लिहिलं. पडद्यावर एकच मोठं हिरवं बटण, 'मी बरी आहे'. सकाळी उठून ते दाबायचं. नाही दाबलं, तर दोन्ही मुलींच्या आणि दोन्ही जावयांच्या फोनवर भोंगा.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी भोंगा वाजला. मी अर्धी दाढी टाकून पळालो, बायकोची पोळी तव्यावर करपली. चौघांनी एकदमच फोन लावले. सासूबाईंचा आवाज ठणठणीत. "काय व्हयनं? मी तं चांगली शे." पुढं हे रोजचंच झालं. साडूभाऊंनी बटण मोठं केलं, मग आणखी मोठं केलं, त्याला घंटी लावली. भोंगा काही थांबेना. ते रात्रंदिवस अस्वस्थ. "ही सिस्टीम अडतेय कुठं?" शेवटी मला घेऊन ते नामपूरला निघाले.

सासूबाई ओट्यावर कांदे निवडत होत्या. साडूभाऊ समोर मांडी घालून बसले.

"आई, बटण दिसत नाही का?"

"दिखस ना."

"मग दाबत का नाही?"

सासूबाईंनी एक सडका कांदा बाजूला टाकला. "बटन दाबं तं फोन गप बठस. नही दाबं तं तुम्ही चारी जन बोलतस."

साडूभाऊ पुढ्यातला एक कांदा उचलून निवडायला लागले. परतताना देवळा गाव मागं पडलं. तेव्हा ते म्हणाले, "वापरणारे म्हणून मी आपल्या चौघांनाच धरलं हो. आईंना मी नुसती माहिती समजलो."

आता ते बटण दाबलं की आमच्यापैकी ज्याची पाळी असेल त्याला फोन लागतो, आणि बोलावंच लागतं. भोंगा गप्प झाला. सासूबाई सकाळी बटण दाबतात, जेवण झालं की दाबतात, शेजारची म्हैस व्याली तरी दाबतात. नामपूरचा कांद्याचा भाव भाजीवाल्याच्या आधी मला कळतो.

गेल्या आठवड्यात ताई, म्हणजे साडूभाऊंची बायको, नामपूरला आईकडं राहायला गेली होती. दुपारी माझा फोन बटणाच्या त्या ओळखीच्या सुरात वाजला. पाळी माझी नव्हती, आणि नाव सासूबाईंचं नव्हतं, साडूभाऊंचं होतं. मी घाबरून उचलला. "काय झालं?"

"काही नाही. माझ्याही फोनवर ते बटण घातलंय. चालतं का, ते बघत होतो."

"चालतंय की."

"हं." पण त्यांनी फोन ठेवला नाही. विचारलं, "तुमच्याकडं ऊन पडलंय का?"

आमच्या दोघांच्या घरांत फार तर दोन गल्ल्यांचं अंतर आहे. "पडलंय ना," असं म्हणत मी खुर्ची गॅलरीत ओढून घेतली.