ओल्या पावलावरून काढलेली उंची

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माझा स्वतःचा पचका आहे, आणि आठवला की अजून डोकं तापतं.

मी मेडिकल कॉलेजात न्यायवैद्यकशास्त्र शिकवतो. नुसतं हाताचं हाड किंवा पायाचा ठसा सापडला, तर माणूस किती उंच होता ते सूत्रानं काढायचं. पोलीस मला विचारतात. नातेवाईक कधीच काही विचारत नाहीत, हे माझं जुनं दुखणं!

फुलंब्रीच्या आमच्या आक्काची मुलगी शुभांगी. चांगली पाच फूट आठ इंच. तिला दोन स्थळं आली, दोन्ही बायोडाटांत मुलगा पाच-दहा. शेजारी उभे केले तर दोघंही तिच्या कानापर्यंत! आणि नकार कुणाचा? त्यांचा! म्हणे, पोरगी लई उंच हाय. अरे, पोरगी कुठली उंच, तुमचा कागद उंच! सांगा, चीड येईल की नाही? पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या वेळी तिनं बजावलं, हे शेवटचं, यानंतर मी पोह्यांचा ट्रे उचलणार नाही.

तिसरं स्थळ देवगाव रंगारीचं. बायोडाटात पाच फूट अकरा. मी वाचूनच पेटलो. लिहायला काय लागतं हो?

बायको सकाळीच आक्काकडे गेली होती. मला शहरातून निघायला उशीर झाला. पोचलो तर पाहुणे बसलेले. दाराबाहेर बादली-तांब्या होता, पाय धुतले आणि आत गेलो. मुलगा दिवाणावर. हातात कपबशी, म्हणून बसूनच मान लववली. झालं, माझी खात्री पटली. उठत नाही, म्हणजे लपवतोय!

दाजींना विचारता आलं असतं, त्यांनीच त्याला दारातून आत आणलं होतं. पण दाजींना कशाला विचारू? मी शास्त्र शिकलेला माणूस. फोन आल्याचं निमित्त करून बाहेर आलो, आणि बघतो तर काय, शहाबादी फरशीवर ओल्या पावलांची रांग! पुरुषाची, अनवाणी, अगदी स्पष्ट. आक्काच्या शिलाई मशीनवरची टेप घेतली, गुडघ्यावर बसलो, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं. ओला ठसा पायापेक्षा जरा लहान उमटतो, तेही धरलं. दोनदा हिशेब केला. दोन्ही वेळा पाच फूट तीन इंच.

आठ इंचांची थाप! मी तसाच आत घुसलो.

"थांबवा हे सगळं. मुलगा पाच-तीन आहे. पायाच्या ठशावरून काढलंय, चूक व्हायची नाही."

शुभांगीनं ट्रे खाली ठेवला आणि आत जायला निघाली. मुलाच्या काकांनी विचारलं, "कुठला ठसा म्हन्ता?" मी दाराकडे बोट केलं.

मग मुलगा उठला. उठतच राहिला. डोकं पंख्याला लागतंय की काय म्हणून आक्का बटणाकडे धावली. शुभांगी दारातच थांबली. एखाद्या स्थळाकडे मान वर करून बघायची तिची ती पहिलीच वेळ.

"मामा," तो शांतपणे म्हणाला, "आम्हाला येऊन अर्धा घंटा झाला. एवढ्या उन्हात आमचे पाय कवाच वाळले. तुमच्या पँटचं टोक बघा, अजून वलं हाय."

तपासाच्या जागेवर आधी स्वतःचे ठसे वगळायचे, हे मी पहिल्याच तासाला शिकवतो. विसरणाऱ्या पोरांना उभं करून झापतो!

शुभांगीला हसू आवरेना, तोही हसला, आणि तिथंच सोयरीक जमली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड. पाहुण्यांसमोर माझं हसं झालं ते झालं, पण शास्त्राचं का व्हावं? मी ठणकावून सांगितलं, "ठसा कुणाचा का असेना, सूत्र चुकलेलं नाही."

"नाहीच चुकलं," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. "अकरा वर्षं मी गप्प बसले. मग आपल्या लग्नाच्या बायोडाटात ते पाच-सात कुणाचं लिहिलं होतं हो?"