संध्याकाळी लाल होणारा खडा

माझ्या वहिनीच्या वडिलांइतका दगडावर विश्वास टाकणारा गृहस्थ ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत शोधून सापडणार नाही, हे मी पत्रकात छापून द्यायलाही तयार आहे. तरुणपणी सिलोनला जहाज कंपनीत कारकुनी करताना त्यांना वाटाण्याएवढा अलेक्झांड्राइट नावाचा रत्नखडा मिळाला, आणि तेव्हापासून कल्याणातलं त्यांचं घर त्या खड्याच्या तंत्राने चालत आलं. पित्त झालं, खड्याचं पाणी प्या. डोळ्याला रांजणवाडी आली, खडा फिरवा. दूधवाल्याच्या चरवीतही ते खडा बुडवून दूध तपासत, आणि दूधवाला बिचारा माप घालण्याआधी निमूट चरवी पुढे करी. खडा कठीण आहे एवढं नुसतं सांगून त्यांचं भागत नसे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाच्या काचेवर खड्याने लांबलचक रेघ ओढली आणि विजयाने म्हणाले, "बघा! खड्याला काही झालं?" खड्याला खरंच काही झालं नव्हतं.

हेही चालवून घेतलं असतं. पण हे गृहस्थ मुलीची स्थळंसुद्धा खड्यावर ठरवत! मुलाच्या तळहातावर खडा ठेवायचा. हिरवा दिसला तर होकार, लाल दिसला तर नकार. येणारी मुलं सगळी नोकरदार, कचेरी सुटल्यावर दिवेलागणीला पोचणारी. कंदिलापाशी प्रत्येकाच्या हातात खडा लालबुंद! माझा दादाही असाच बाद झाला. त्याला मुलगी पसंत, मुलीला तो पसंत, आणि मध्ये हा दगड! भाबड्या समजुतींविरुद्ध चौकाचौकात पत्रकं वाटणारा मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचनालयात खनिजांचं पुस्तक धुंडाळलं आणि रविवारी भर दुपारी दादाला घेऊन कल्याण गाठलं.

अंगणातल्या उन्हात दादाच्या हातावर खडा हिरवागार. आत नेलं, खिडक्या लावून कंदील पेटवला, तर तोच खडा लाल. "हा खनिजाचा गुणधर्म आहे!" मी गरजलो. "दिव्यापाशी तुमच्या हातातही लालच दिसेल. नशिबाचा काय संबंध?"

"अरे, हळू," दादा कुजबुजला. "भाषण नको, मला लग्न करायचंय."

पोह्यांच्या बश्या घेऊन मुलगी दारात थबकली होती. "बाबा, आता तरी?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "अहो पत्रकवाले, इतकी वर्षं खडा माझ्यापाशी आहे. दिवा काय मी आज पहिल्यांदा लावला?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दर वेळी वाटायचं, या खेपेला नको, पुढच्या खेपेला बघू." मग मुलीकडे न बघता त्यांनी दादाला विचारलं, "पोह्यांवर खोबरं चालतं ना?"

माझी पत्रकं त्या क्षणी कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

लग्न थाटात झालं. आता अधूनमधून मी एकटाच कल्याणला जातो. परवा ते म्हणाले, "पत्रकवाले, खडा उशाशी ठेवला तर टकलावर केस उगवतात." त्यांचं स्वतःचं डोकं तुळतुळीत! मी भडकतो, ते नवा गुण काढतात, मी पुन्हा भडकतो, आणि तोवर चहाचं आधण दुसऱ्यांदा चढतं. हल्ली वाद जिंकायची मीही घाई करत नाही.