माझ्या नावाची डबी

डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "मागच्या वर्षी तुमची थुंकी तपासली होती ना? मग रिपोर्ट निगेटिव्ह कसा आला?" यवतमाळच्या दवाखान्यातली ती खोली. शेजारी नवरा, मागे सासूबाई. उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं.

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कॅव्हिटी होती, म्हणजे आजारानं पोखरून केलेली पोकळी. ती आठ-पंधरा दिवसांत होत नाही, असंही ते म्हणाले.

मागचं सांगते. आम्ही राजूरला राहतो. नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या खोकल्याला घरात सगळे कोळशाचा खोकला म्हणायचे, म्हणजे जणू तो मोजायचाच नाही. शेवटी टीबी निघाला. त्याची औषधं सुरू झाली आणि गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई घरी आल्या, कॉन्टॅक्ट स्क्रीनिंगसाठी. एकाला टीबी निघाला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांना तपासायचं, ते हे. खोकला मला होता आणि सासूबाईंना, त्यांचा जुना दमा. आम्हा दोघींना नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या दोन डब्या मिळाल्या. सकाळी चूळ भरून, छातीतून खोकून बेडका काढायचा, नुसती लाळ चालत नाही. ताईंनी दोनदा बजावलं होतं.

दोन खोल्यांचं घर, न्हाणीला दार म्हणून पडदा. सासरे अंगणात चहा पीत बसलेले. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर मोठ्यानं हसतसुद्धा नाही, खाकरून थुंकणं तर लांबच. तोंडाला पदर लावून मी प्रयत्न केला, लाळेशिवाय काही आलं नाही. सासूबाईंनी डबी माझ्या हातातून घेतली. "दे इकडं. कायले लाजून राह्यली? एका घरातला थुका एकच असते." स्वतःची भरली तशी त्यांनी माझीही भरली. नवऱ्यानं पाहिलं आणि तो हसला. मलाही सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे.

दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. एक्स-रेसाठी वणीला जायचं होतं, पण थुंकी साफ आहे तर ड्युटी कशाला बुडवायची, म्हणून नवऱ्यानं नेलं नाही. मला आणि माझ्या चार वर्षांच्या आर्याला टीपीटी सुरू झाली. शरीरात लपलेला आजार उठू नये म्हणून द्यायच्या या गोळ्या, आमच्यासाठी एकाच औषधाच्या. सहा महिने मी एकही गोळी चुकवली नाही. अगदी गुणाची सून. खोकला मात्र गेला नाही. अंग वाळत चाललं, तर सासूबाई म्हणाल्या की गोळ्यांची उष्णता आहे. पुढे आशाताईंनी मला पाहिलं आणि घरात कोणालाही न विचारता सरळ वणीच्या बसमध्ये बसवलं. आभार मानायचे तर त्यांचेच. तिथून मला यवतमाळला पाठवलं.

डॉक्टरांच्या प्रश्नावर नवरा म्हणाला, मशीन चुकली असेल साहेब. डॉक्टर म्हणाले, मशीनचं राहू द्या, तुमच्या मुलीला कोणतं औषध द्यायचं ते यावर ठरणार आहे. आर्याचं नाव निघाल्यावर मात्र मी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ती लाजली, आणि तुम्ही सगळ्यांनी तिला लाजू दिलं," ते सासूबाईंना म्हणाले. मग मला समजावलं की उठून बसलेला आजार एका औषधानं मरत नाही, त्या औषधाला सरावतो. माझा नवा रिपोर्ट 'आयसोनियाझिड रेझिस्टंट' असा होता. जे औषध मी सहा महिने नेमानं घेतलं, तेच आता माझ्यावर चालत नव्हतं. आणि आर्यालाही तेवढ्याचाच आधार होता.

लहान मुलं बेडका गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात. त्याला गॅस्ट्रिक ॲस्पिरेट म्हणतात. आर्याचे हात मी धरले होते. ती रडत विचारत होती, "आई, म्या काय केलं?"

आठ दिवसांनी तिचा रिपोर्ट आला, निर्दोष. तिला वेगळं औषध दिलं, आणि दोन वर्षं लक्ष ठेवायला सांगितलं. माझ्या फुप्फुसाचा गेलेला भाग परत येणार नाही. जिना चढले की कळतं.

तुमच्या घरी अशी डबी आली, तर पुरुषांना तासभर बाहेर पाठवा. जात नसतील तर गल्लीला ऐकू जाईल इतकं खाकरा. ज्यांच्यासाठी लाजाल, ते तुमच्या वाट्याचा श्वास घेणार नाहीत.

सासूबाई हल्ली रोज सकाळी माझ्यासाठी अंडं उकडतात. परवा ताटली पुढे ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. "माह्या मनात काही वाईट नव्हतं बाई. म्या तुयी लाज राखली."

मला ते ठाऊक आहे. वाईट मनानं केलं असतं, तर भांडले असते, माहेरी निघून गेले असते. मी अंडं खाल्लं आणि ताटली त्यांच्या हातात दिली. जाऊ द्या आई, एवढं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मला म्हणवलं नाही.