ताकदीच्या गोळ्या आणि गुळाची तुला

माझं वजन हे आमच्या घरात देवाचं देणं आहे, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी टायफॉइडनं मी अंथरूण धरलं होतं. तेव्हा आईनं आमच्या अणदूरच्या खंडोबाला नवस केला, की पोरगं पुन्हा अंगानं भरलं तर त्याच्या वजनाइतका गूळ देवळापुढं वाटीन. मी बरा झालो, भरलो आणि मग भरतच गेलो. कुठं थांबायचं ते आईनं देवाला सांगितलंच नव्हतं.

नवस फेडायचा विषय दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी आई मला खालवर न्याहाळून म्हणायची, "अजून गाल बसल्यालेच हायती." माझी विजार शिवणारा शिंपी याच्याशी सहमत नव्हता, पण त्याला कोण विचारतो. यंदा मात्र ती प्रसन्न झाली. आमचा देव वर्षातले काही दिवस मैलारपूरच्या देवळात मुक्कामाला असतो; तो मुक्काम हलवून अणदूरला परत आला की पहिल्या रविवारी तुला करायची, असं तिनं भावकीत जाहीर करून टाकलं. तुला म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा आणि भोवती अख्खा गाव. मी गावातल्याच शाळेत शिकवतो. आठवीच्या वर्गाला मी समतोल आहाराचा धडा शिकवलेला होता आणि तो वर्ग आईबापांसकट तिथं हजर राहणार होता. मला दरदरून घाम फुटला.

उपाय शाळेतच मिळाला. आमच्यातले एक सर मधल्या सुट्टीत कसल्याशा अँटिऑक्सिडंट गोळ्या विकायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं. विळा गंजतो तसं शरीरही आतून गंजतं, म्हणाले. गोळीनं गंज निघाला की चरबी सुटी होते आणि आपोआप जळून जाते. गंजाचा आणि चरबीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. वर्गात मुलं असे प्रश्न विचारत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर करवादतो, पण सरांपुढं मी मान डोलवत राहिलो. डबीवर द्राक्षाच्या बियांचं चित्र होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'व्यायाम व मोजक्या आहारासोबत घ्यावे' असं छापलं होतं. ते मला डबी संपल्यावर दिसलं.

आईला खरं सांगायची सोय नव्हती. तिच्या नवसाला मी सुरुंग लावतोय हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? त्यामुळं डबी तिच्या हाती लागली तेव्हा मी पटकन म्हणालो, "ताकदीच्या गोळ्या आहेत, आई."

हेच मला भोवलं.

"ताकदीच्या गोळ्या उष्ण पडत्यात," आई म्हणाली. "उपाशीपोटी घिऊ नगंस. आतडी जळत्याल."

दुसऱ्या दिवसापासून गोळी आईच्या ताब्यात गेली. सकाळी गोळी आणि तिच्यामागोमाग वाटीभर दूध, त्यात बोटभर तूप, उष्णता मारायला. रात्री गोळी आणि शेंगदाण्याचा लाडू. हुरड्याचे दिवस होते. शेतात गोल बसून सगळे हुरडा खात असताना आई पदराच्या गाठीतून गोळी काढायची, आणि ती पोटात बसावी म्हणून माझ्यापुढं वाढीव हुरडा आणि दही सरकवायची. नको म्हणावं तर खोटं उघडं पडणार. शिवाय खरं सांगायचं तर नको म्हणायची मला फारशी घाईही नव्हती. गोळी आतमध्ये गंज काढतेच आहे, मग एका लाडवानं काय बिघडतंय, असा हिशेब मी मनाशी जमवला होता.

बायको सगळं जाणून होती. ती फक्त विजारीची शिवण उसवून द्यायची आणि गालात हसायची.

तुलेच्या आधी मी सरांना गाठलं आणि पट्टा दाखवला. त्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं, पण उलट्या बाजूला. सर जराही डगमगले नाहीत. "गंज निघताना आधी अंग फुगतं," ते म्हणाले आणि पुढची डबी काढली. मी तीही घेतली.

रविवारी देवळापुढच्या कडुलिंबाला अडत दुकानातला जुना तराजू टांगला होता. दुकानदार स्वतः गूळ चढवायला उभा होता. मी भंडारा लावून, नाक मुठीत धरून पारड्यात बसलो. पारडं धप्पकन जमिनीला टेकलं, पोरं हसली. गर्दीत गोळ्यांचे सर दिसले. ते कळसाकडं बघत होते. ढेपेवर ढेप चढत होती आणि मी काही हलत नव्हतो. मग मला एक युक्ती सुचली. धोतराच्या सोग्याआड मी एक पाय खाली सोडला आणि अंगठा जमिनीला रेटून धरला. महिनाभर गोळ्यांना जे जमलं नाही ते अंगठ्यानं केलं. माझं पारडं हळूच वर आलं.

"झालं मावशी, बराबर झालं," दुकानदार म्हणाला.

मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तेवढ्यात आईचा चेहरा दिसला. ती गुळाकडं बघत होती, आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"एवढाच?" ती म्हणाली. मग दुकानदाराला सांगावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "दवाखान्यात ह्याला म्या एकटी उचलून संडासला न्यायची. एवढा बाप्या माणूस, पर उचलताना हाताला कायच लागायचं न्हाय. लई भ्या वाटायचं मला. वाटायचं, हातात हाय का गेलं."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. आठवीचा वर्ग समोरच उभा होता. मी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि अंगठा वर घेतला.

पारडं असं आदळलं की वरची फांदी करकरली. सगळं देऊळ हसलं. पोरांनी येळकोट केला. आई पुढं आली, माझ्या पारड्याची साखळी धरून तिनं वर ओढून बघितली. दोन्ही हातांनी ओढली. पारडं जागचं हललं नाही.

"आता न्हाय उचलत मला," ती दुकानदाराला म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावून तिनं अजून गूळ मागवला.