दहा दहाचा फोटो

लेकीला नाशिकला नर्सची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःचं चावीचं घड्याळ तिला द्यायचं जाहीर केलं. "नाडी काय मोबाइलवर मोजणार?" एवढंच म्हणाले. तलासरीच्या स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, तेव्हापासूनचं ते घड्याळ. त्यातला काटा जागेवर आल्याशिवाय झाई गावाला जाणारी गाडी हलायची नाही, आणि आला की कुणासाठी थांबायचीही नाही.

संध्याकाळी मात्र हळूच माझ्याकडे आले. "ती जायच्या आधी त्याचा एक चांगला फोटो काढून दे. मला ठेवायला."

मी घरी चिकूचे चिप्स करून विकते, त्यांचे फोटोही मीच काढते. म्हटलं, घड्याळ ते काय! पहिल्या फोटोत काचेवर खिडकीचे गज, वर फिरता पंखा आणि मधोमध माझं नाक. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी धूळ खडीसारखी दिसत होती. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "छान आलंय. पण हे मध्ये कोण?"

मग मीही इरेला पेटले. आमच्याकडे धाकटी डहाणू गावाहून येणाऱ्या मासेवालीकडून थर्माकोलचा खोका मागून आणला, लिंबाने घासला, त्याची एक बाजू कापून तिथे बटर पेपर चिकटवला. खोका खिडकीशी ठेवला की आत ऊन कसं गाळून यायचं. काळ्या कागदाला भोक पाडून त्यातून मोबाइलचा कॅमेरा तेवढा बाहेर काढला, म्हणजे काचेत ना मोबाइल दिसे ना मी. बोंबलाचा वास काही गेला नाही. शेजारची मांजर दिवसभर खोक्यासमोर बसून होती.

लेक म्हणाली, "आई, जाहिरातीत काटे नेहमी दहा वाजून दहावर असतात. घड्याळ हसल्यासारखं दिसतं." मी चावी ओढायला गेले, तर बाबांनी घड्याळच उचललं.

"एवढी वर्षं स्टँडवर काढली, काटा कधी खोटा फिरवला नाही. दहा दहा हवेत, तर दहा दहाला काढ."

"बाबा, फोटो आहे हो, पंचनामा नाही!"

त्यांनी घड्याळ मनगटावर बांधून टाकलं. आणि निघायला उरली होती एकच सकाळ.

त्या सकाळी डबा, बॅगा, माझे मधूनच भरून येणारे डोळे, सगळं एकदम. बस साडेदहाची. दहाला रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. खोक्यात घड्याळ, पोह्यांच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, आणि काटे आपले सावकाश. "आजोबा, बस चुकेल हं," लेक रडकुंडीला आली. बाबा उठले, बाहेर ओट्यावर गेले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "जरा थांबा. दोन मिनिटं."

मी बघतच राहिले. सामान घेऊन धावत येणाऱ्या ओळखीच्या माणसासाठीही त्यांनी कधी गाडी थांबवली नव्हती. मी मोबाइलवर बोट ठेवलं. "आई, श्वास रोख," लेक म्हणाली. मी रोखला आणि बटण दाबलं.

काच स्वच्छ. गज नाहीत, पंखा नाही, नाक नाही. नुसतं हसरं घड्याळ. बाबांनी ते पुसून स्वतःच्या हाताने नातीच्या मनगटावर बांधलं. पट्टा अगदी शेवटच्या भोकावर बसला. "रोज सकाळी चावी दे," म्हणाले, आणि तिच्या आधी तेच जाऊन रिक्षात बसले. बस मिळाली.

फोटो आता त्यांच्या मोबाइलवर असतो. रोज सकाळी ते भिंतीवरच्या घड्याळाखाली खुर्ची घेऊन बसतात, मलाही बोलावून घेतात. परवा मी चिकू कापत होते, विसरले होते. आतून हाक आली, "अगं, दहा दहा होतायत!"

हात पुसत गेले. त्यांनी मोबाइल भिंतीवरच्या घड्याळाशेजारी धरला होता. वरचे काटे सरकत सरकत फोटोतल्या काट्यांसारखे झाले.

"बरोबर चाललंय पोरीचं," बाबा म्हणाले, आणि रिकामं मनगट कुरवाळत बसले.